धुऱ्याचं माप

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात मेजर थेरी, म्हणजे मापनाचा सिद्धांत, सुरू झाली आणि पंधरा दिवसांत माझ्या डोक्यात हवा गेली. आधीच्या सत्रात टोपॉलॉजी नावाच्या विषयातून मी देवाच्या कृपेने आणि रूममेटच्या वहीने तरले होते. तिथे नेमकं काय चाललं होतं ते मला पास झाल्यावरही कळलं नाही. इथे मात्र पहिल्या तासापासून कळत होतं, निदान मला तसं वाटत होतं, आणि ते मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

विषय दिसायला साधा. लांबी म्हणजे काय? शून्यापासून एकापर्यंत रेघ काढली तर तिची लांबी एक, हे तिसरीतल्या पोराला येतं. सरांनी फळ्यावर तशी रेघ काढली आणि म्हणाले, आता हिच्यावरचे सगळे अपूर्णांक वेचा, म्हणजे अर्धा, पाव, दोन तृतीयांश असे झाडून सगळे, आणि त्यांची मिळून लांबी सांगा. ते तर अनंत असतात, रेघेवर कुठेही बोट ठेवा, बोटाखाली सापडतात. मग सर त्यांना एकेक ठिगळ लावायला लागले. पहिल्याला एक चिमुकलं ठिगळ, दुसऱ्याला त्याच्या निम्मं, तिसऱ्याला त्याच्याही निम्मं. सगळे झाकले गेले, आणि सगळ्या ठिगळांची लांबी मिळून पहिल्या ठिगळाच्या दुपटीहून जास्त भरली नाही. आता पहिलं ठिगळ हवं तेवढं लहान घ्या. म्हणजे एवढ्या दाट गर्दीची लांबी किती? शून्य. पुस्तकात त्याला म्हणतात मेजर झिरो.

मला हे इतकं आवडलं की मी कॉलेजच्या गावी, भंडाऱ्यात, त्याचा प्रसार सुरू केला. कॅन्टीनच्या समोशातला बटाटा मेजर झिरो. आमच्या खोलीच्या नळाला पाणी येणारे दिवस मेजर झिरो. वर्गात आम्ही अकरा मुली आणि दोन मुलगे होतो, त्या मुलग्यांचं वर्गातलं बोलणं मेजर झिरो. शून्य मापाची जागा सोडून बाकी सगळीकडे एखादी गोष्ट खरी असली की तिला ‘ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर’ खरी म्हणतात. माझी रूममेट भांडी ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर घासते, असं मी एकदा म्हणाले. तिने कढई उचलून माझ्या पुढ्यात ठेवली.

ही रूममेट सानगडीकडची. घरचा धंदा तलावातल्या मासेमारीचा. ती माझ्यासारखी बडबडी नव्हती, आणि याच कारणाने तिला माझ्यापेक्षा जास्त येत होतं, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. इंटिग्रेशनचा धडा आला तेव्हा जुनी पद्धत आणि नवी पद्धत यातला फरक मी चार दिवस घोकत होते. तिने तो स्वयंपाक करता करता सांगून टाकला. जाळं ओढलं की मासे जसे हाताला लागतील तसे एकेक घेत बसायचं, ही जुनी पद्धत. आधी बोटभर, वीतभर, हातभर असे ढीग करायचे आणि मग कोणता ढीग केवढा ते पाहायचं, ही नवी. तिच्या घरी दुसरी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालते म्हणे. मी म्हटलं, एवढं सोपं नसतं ते. दुसऱ्या दिवशी सरांनी जवळजवळ तेच सांगितलं, फक्त माशांशिवाय.

अशा हवेत मी जानेवारीच्या शेवटी घरी गेले.

आमचं गाव करडीच्या पलीकडे. चार एकर धान. आमच्याकडे धानाचं शेत म्हणजे एक सपाट मैदान नसतं, त्याच्या लहान लहान बांद्या असतात, कोणती वीतभर वर, कोणती वीतभर खाली, आणि प्रत्येक बांदीत पाणी अडून राहावं म्हणून भोवती मातीचा धुरा. आमच्या शेतात आतले धुरे चौदा. धान उभा राहतो पाण्यात आणि पाणी न सोसणारं सगळं वर धुऱ्यावर चढतं: तूर, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, तीळ, अंबाडी. आमच्या भागात बांदी माणसाची आणि धुरा बाईचा. हे कुठल्या कागदावर नाही, पण धुऱ्यावर काय लावायचं, कधी तोडायचं, त्यातलं घरात किती ठेवायचं आणि बहिणीच्या घरी किती पाठवायचं, यात कोणताही नवरा तोंड घालत नाही. माझी आई बाकी साऱ्या गोष्टी बाबांना विचारून करायची, विचारल्यासारखं करून करायची म्हणू, पण धुऱ्याचं तिने कधी कोणाला विचारलेलं मी पाहिलं नाही.

त्या वर्षी बाबांच्या मनात हार्वेस्टर भरला होता. धान कापायला माणसं मिळेनाशी झाली होती, आणि शेजारच्या शेतकऱ्याने धुरे फोडून तीन-तीन बांद्यांची एक बांदी केली होती. त्याच्याकडे यंत्र एका टोकाने शिरलं आणि चहा थंड व्हायच्या आत दुसऱ्या टोकाने निघालं, असं बाबा सांगत होते. आमच्या बांद्यांत ते यंत्र वळलंसुद्धा नसतं. बाबांनी एप्रिलमध्ये ट्रॅक्टरवाल्याला बोलवायचं ठरवत आणलं होतं. आई अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. बाबा खाटेवर होते. मी आल्या आल्या मेजर थेरीचं पुराण लावलं होतं, आणि बाबा, बिचारे, ते खरंच ऐकत होते.

‘तू एवढी मोजमापाची शिकून राहिली,’ ते म्हणाले, ‘तं सांग बरं, आपले धुरे किती जागा खात असतीन?’

आता शहाण्या मुलीने उठून शेतात जाऊन पाहिलं असतं. मी उठले, पण भाषण द्यायला. धुरा म्हणजे दोन बांद्यांमधली सीमा. सीमेला लांबी असते, रुंदी नसते. रुंदी नाही म्हणजे क्षेत्रफळ नाही. सातबारावरही धुऱ्याचा वेगळा आकडा नसतो, हा पुरावाही मी जोडला. बाबा, तुमचे धुरे मेजर झिरो आहेत, ते मोजणीत येतच नाहीत.

बाबा खूश झाले. म्हणजे फोडले तर जाणार काहीच नाही, असं त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. गणिताप्रमाणे काहीच नाही, मी म्हटलं. आईचं सूप थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सुपातल्या तुरीकडे पाहिलं.

‘मंग हे तूर कोठं पिकली व?’

मी हसले आणि म्हणाले, आई, ते वेगळं आहे. तिने मान हलवली, जशी ती विमा एजंटापुढे हलवते, आणि पुन्हा पाखडायला लागली.

फेब्रुवारीच्या अखेरीस माझा सेमिनार होता. प्रत्येकाने एकेक निष्कर्ष घेऊन फळ्यापाशी उभं राहायचं आणि सिद्धता द्यायची. सर मागच्या बाकावर बसून ऐकायचे. सर सिहोऱ्याकडचे, धानवाल्याच घरचे, पण वीस वर्षं खडू हातात धरून हातापायांना चिखल राहिला नव्हता. त्यांना राग यायचा नाही. ते फक्त एक छोटा प्रश्न विचारायचे, आणि तो प्रश्न आला की समजायचं, आपलं काम झालं.

माझी सिद्धता फार ऐटीत चालली होती. मध्ये एका पायरीवर मला असं हवं होतं की ओपन सेटच्या, म्हणजे कड वगळून घेतलेल्या संचाच्या, बाउंडरीचं माप शून्य असतं. मी ते उघडच आहे म्हणून पुढे सरकले. पुस्तकात ज्या ठिकाणी ‘उघडच आहे’ लिहिलेलं असतं तिथे साधारणपणे एक रात्र जाते, हे मला माहीत असायला हवं होतं.

सर म्हणाले, ‘सगळ्याच ओपन सेटच्या?’

तरी मला कळलं नाही. मी म्हटलं, हो सर. आणि मग मी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. वर्गाला सोपं जावं म्हणून मी उदाहरण दिलं: ओपन सेट म्हणजे बांदी आणि बाउंडरी म्हणजे धुरा, धुऱ्याला कुठे क्षेत्रफळ असतं?

अकरापैकी आठ मुली धानवाल्यांच्या घरच्या होत्या. सर अगदी काळजीने म्हणाले, ‘तुमच्याकडे धुऱ्यावर काही लावत नाहीत का?’

वर्ग हसला तो पाच मिनिटं हसला. ज्या दोन मुलग्यांचं बोलणं मी मेजर झिरोत काढलं होतं त्यांचं हसणं चांगलं मोजण्यासारखं होतं. रूममेटने हसू फुटू नये म्हणून ओढणी तोंडात कोंबली होती, आणि त्यामुळे ती हसते आहे हे सगळ्यांत जास्त दिसत होतं.

मग सर फळ्यापाशी आले आणि माझ्या हातचा खडू घेतला. तीच शून्य ते एकची रेघ. हिच्या मधोमध पाव लांबीची एक बांदी काढा, ते म्हणाले. मी सुरू केलेलं रूपक त्यांनी आता सोडलं नाही. उरलेल्या दोन तुकड्यांच्या मधोमध एकेक लहान बांदी, एक सोळांश लांबीची. मग उरलेल्या चार तुकड्यांत आणखी लहान चार. असं करत करत जा, कधीच थांबू नका. सगळ्या बांद्यांची बेरीज करा. मी बेरीज केली: पाव, अधिक एक अष्टमांश, अधिक एक सोळांश, असं शेवटपर्यंत. अर्धा. बांद्या सगळीकडे पसरल्या आहेत, कुठेही बघा जवळ एक बांदी आहेच, आणि तरी सगळ्या मिळून अर्ध्याच. मग उरलेला अर्धा कोण? उरला तो सगळा धुरा. बाउंडरी. माप एक द्वितीयांश.

धुऱ्यावरची डाळ खाऊन वाढलेली मुलगी फळ्यापाशी उभी राहून सांगत होती की धुऱ्याला माप नसतं. गणितातली चूक मी सोसली असती, अशी चूक मोठमोठ्यांनी केली आहे असं सर म्हणालेही. पण मला एकदम अंगणातली आई दिसली आणि कान गरम झाले. सर म्हणाले, एप्रिलमध्ये परत उभी राहा.

एप्रिल म्हणजे ट्रॅक्टर. माझ्या भाषणाच्या जोरावर बाबांनी ट्रॅक्टरवाल्याला पक्कं करून टाकलं होतं. आईचे धुरे जाणार होते आणि त्यावर माझा शिक्का होता.

पुढच्या रविवारी मी टेप घेऊन घरी गेले. चूक मोजून दुरुस्त करायची, असा माझा बाणा होता. टेपला दुसरं टोक असतं, तेव्हा ते धरायला मी आईला शेतात नेलं. आम्ही चौदाही धुरे मोजले. लांबी, मग तीन-तीन ठिकाणी रुंदी, कुठे दोन फूट, कुठे तीन, एके ठिकाणी उंदरांनी पोखरून साडेतीन केलेला. मी आकडे वहीत लिहीत होते आणि ओरडत होते, आई ढिला सोडू नको, आई जरा खाली धर. ती ऊन लागू नये म्हणून पदर डोक्यावर घेऊन मुकाट्याने टोक धरत पुढे पुढे जात होती. दोन तास आम्ही एकाच टेपच्या दोन टोकांना होतो. तेवढ्या वेळात मी तिला एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे पाण्याची बाटली कुठे ठेवली.

बेरीज आली साडेपाच गुंठे. मी विजयी मुद्रेने बाबांपुढे वही ठेवली. बाबा, माझं चुकलं होतं, धुरे शून्य नाहीत, साडेपाच गुंठे आहेत.

बाबांनी वही दूर धरून वाचली, कारण चष्मा घरात होता. मग म्हणाले, साडेपाच गुंठे? एवढी जागा आजवर फुकट चालली होती? आणि तिथल्या तिथे ट्रॅक्टरवाल्याला फोन लावून विचारलं, एप्रिलच्या आधी जमेल का. धुरे शून्य होते तेव्हा फोडून काही जात नव्हतं. आता ते शून्य नव्हते, तर फोडून साडेपाच गुंठे मिळत होते. दोन्हीकडून धुरेच फुटत होते, आणि दोन्ही वेळा सुरुंग मी पेरला होता. आई चुलीपाशी बसून हसत होती. शाबास, एवढंच म्हणाली. ट्रॅक्टरवाल्याला सुदैवाने आधी वेळ नव्हता.

भंडाऱ्याला परतल्यावर मी सरांकडे गेले. निमित्त सेमिनारचं होतं, पण खुर्चीत बसल्याबरोबर धुऱ्यांची सगळी कथा माझ्या तोंडून बाहेर पडली. सर शांतपणे ऐकत होते. साडेपाच गुंठ्यांपाशी आल्यावर त्यांना खोकला आला, तो बराच वेळ टिकला. मग त्यांनी टेबलावरच्या एका पाठकोऱ्या कागदावर पुन्हा एक रेघ काढली.

ते म्हणाले, आपण आत्तापर्यंत लांबीचंच माप शिकलो, पण एका रेघेवर मापं कितीही असू शकतात. हा पुढचा धडा आहे. लांबीला ज्या बिंदूंमध्ये शून्य दिसतं, त्यांच्यावरच सगळं वजन ठेवणारं दुसरं माप असतं. आणि त्या दुसऱ्या मापाला लांबीवाल्या सगळ्या जागेत शून्य दिसतं. दोघांचं एकमेकांशी घेणंदेणं नाही, एक जिथे राहतं तिथे दुसऱ्याचं काही नाही, आणि दोन्ही मापं नियमाप्रमाणे अगदी बरोबर. मग त्यांनी पेनचं टोपण लावलं.

‘शेतात तू कोणाचं माप घेऊन गेली होतीस?’

मी म्हटलं, बाबांचं. मग म्हटलं, दोन्ही वेळा. सर म्हणाले, हे सेमिनारमध्ये घे, सोपं उदाहरण आहे. सरांना जगातली प्रत्येक गोष्ट सेमिनारमध्ये घेण्यासारखी वाटायची.

मला वाईट वाटलं ते चुकीबद्दल नव्हे. मला वाटत होतं की मी आईची बाजू घेऊन लढते आहे. प्रत्यक्षात मी धान किती वाढेल आणि किती घटेल याचाच हिशेब दोनदा केला होता, आणि जिचं सगळं त्या धुऱ्यावर होतं तिच्या हातात टेपचं टोक दिलं होतं.

एप्रिलात ट्रॅक्टर यायच्या आदल्या दिवशी मी घरी पोचले. बाबा चुन्याची पिशवी आणून बसले होते. फोडायच्या धुऱ्यांवर खुणा करायच्या होत्या, आणि त्यांचा विचार सगळ्या चौदांवर करायचा होता. मी आले म्हणून त्यांना आनंद झाला, त्यांनी मला खुणा कशा कराव्यात ते विचारलं. माझ्यावरचा त्यांचा विश्वास कशानेच हलत नव्हता. मी म्हटलं, ‘मले इचारू नका बाबा. आईले इचारा.’

बाबांना ते पटलं नाही असं नाही, त्यांना ते सुचलंच नव्हतं. मग त्यांनी अंगणातून आत हाक दिली, आयकलं का, धुऱ्याचं काय करायचं? आतून भांड्यांचा आवाज थांबला. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि चपला घालून शेताकडे चालायला लागली. आम्ही दोघं चुना घेऊन मागे.

मी मनाची तयारी केली होती की ती प्रत्येक धुऱ्यासाठी भांडेल आणि मी तिच्या बाजूने उभी राहीन. ती पहिल्या धुऱ्यापाशी थांबलीसुद्धा नाही. फोडा, म्हणाली. याच्यावर आठ वर्सं झाली, उंदरांशिवाय काही पिकत नाही. दुसरा, फोडा. तिसऱ्यापाशी उभी राहिली, पायाने ढेकूळ फोडून पाहिलं, ठेवा म्हणाली. याची माती पोपटाला मानवते. चौथा आणि पाचवा फोडा, दोन्हीकडच्या बांद्या एका उंचीच्या आहेत, पाणी बिघडत नाही. सहावा ठेवा, नाहीतर वरचं पाणी सगळं खाली उतरेल आणि तुमचं यंत्र चिखलात बसेल. बाबा ती म्हणेल तिथे चुना टाकत होते. दोघंही अशी चालली होती जसं हे काम ती दर वर्षी करतात. मी वही आणली होती, ती उघडायची वेळच आली नाही.

दहाव्या धुऱ्यापाशी मला राहवलं नाही. मी विचारलं, एवढं सगळं माहीत होतं तर तू आधी बोलली काहून नाही?

‘कोण इचारलं मले?’ ती म्हणाली. ‘तुझ्या बाबानं तुले इचारलं. तू पुस्तकाले इचारलं.’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, मला भांडता येतं. मी चुन्याची पिशवी बाबांच्या हातातून घेतली, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

तेराव्या धुऱ्यापर्यंत आठ फोडायचे आणि पाच ठेवायचे ठरले होते. चौदावा विहिरीजवळचा. रुंद, उंच, पाणी कधी न साचणारा, चौदांतला सगळ्यांत चांगला. तोडलेल्या तुरीची खुंटं अजून त्याच्यावर दाट उभी होती. हा ठेवायचाच, हे मला आणि बाबांनाही न सांगता कळत होतं. आई त्याच्या टोकाशी उभी राहिली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, हा फोडा.

बाबा म्हणाले, हा? मी म्हटलं, आई, हा तर सगळ्यात चांगला आहे.

‘चांगला हाय म्हणून तं तुझ्यासाठी ठेवला होता,’ ती म्हणाली. ‘तू भंडाऱ्याले गेली तवापासून याची डाळ घरात शिजवली नाही. सारी तुझ्या डब्यात. आता तुझी परीक्षा होऊन राहिली. तू काही इथं राहत नाही. मंग कोणासाठी लावू?’

पाच वर्षं ती डाळ मी खोलीवर शिजवली होती. तिला वेगळी जागा आहे, वेगळा धुरा आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. पास झाल्यावर नागपूरला जायचं, पुण्यालाही अर्ज करायचा, हे सगळं मी घरात मोठ्या आवाजात बोलत होते. ती ते ऐकून तिथल्या तिथे आपला हिशेब करत गेली होती. बाबांनी चुन्यासाठी हात पुढे केला. मी पिशवी मागे ओढली.

मी म्हटलं, आई, हा राहू दे. मी नापास होणार आहे.

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. खरं म्हणतेस का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, विषयच तसा आहे, सरही तेच म्हणतात, निदान एक साल तरी जाणारच. बाबांचा चेहरा उतरला, ते खरंच घाबरले, एवढं कठीण आहे का म्हणून विचारायला लागले. आईने मात्र ओठ दाबले, मग तिला हसू आवरेना. ती पाठ फिरवून घराकडे चालायला लागली आणि जाता जाता बाबांना म्हणाली, ठेवायचे पाच नाही, सहा.

मी उन्हाळी परीक्षेत पास झाले, मेजर थेरीत तर वर्गात दुसरी आले, पहिली अर्थातच रूममेट. निकाल लागला तेव्हा घरी धुऱ्यांवर तुरीचं बी टोबायचं चाललं होतं. बाबांचा दोनदा फोन येऊन गेला. विहिरीजवळच्या धुऱ्यावर तूर उगवली असं आईने स्वतः सांगेपर्यंत मी दोघांनाही निकाल लागलाच नाही म्हणून सांगत राहिले.